संगणकाला आपली लिपी यायला हवी



तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी मोबाइल फोन आहे. घरी नाही तरी शाळेत तुम्ही संगणक पाहिलेला आहे. तो चालू केला की थोड्या वेळाने पडद्यावर लहान लहान चित्रे दिसतात आणि त्यांपैकी एखादे निवडले की काम सुरू होते. पण त्या थोड्या वेळात आत काय घडते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? या पाठात मला त्याविषयी बोलायचे आहे आणि त्याबरोबर माझे एक मतही तुमच्यापुढे मांडायचे आहे. संगणक वापरण्यासाठी आपण आपली लिपी सोडण्याचे काहीच कारण नाही. संगणकालाच आपली लिपी यायला हवी, आणि ती त्याला येत राहील हे पाहणे आपलेही काम आहे.

संगणक हे मुळात एक यंत्र आहे. त्याला ना मराठी कळते, ना उर्दू, ना इंग्रजी. त्याला फक्त शून्य आणि एक हे दोनच अंक कळतात. अशा यंत्राकडून काम करून घेणारी आज्ञांची जी मोठी यादी असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मराठीत आपण तिला कार्यप्रणाली म्हणू. शाळेचेच उदाहरण घ्या. वर्ग आहेत, फळे आहेत, शिक्षक आहेत, विद्यार्थीही आले आहेत. पण वेळापत्रक नाही आणि घंटाही होत नाही. मग काय होईल? एकाच वर्गात दोन शिक्षक जातील आणि दुसरा वर्ग रिकामा राहील. संगणकातही स्मृती असते, पडदा असतो, कळफलक असतो. यांपैकी कोणी, केव्हा, कोणते काम करायचे हे कार्यप्रणाली ठरवते. तुम्ही कळ दाबता तेव्हा पडद्यावर अक्षर उमटवण्याची व्यवस्थाही तीच करते. म्हणून तिला जी लिपी येते, ती लिपी लिहिणाऱ्याला संगणक सोपा जातो. बाकीच्यांना तो अवघड जातो.

या कार्यप्रणालीचा इतिहास फार जुना नाही. १९७० नंतर लहान, एका माणसाने वापरायचे संगणक बनू लागले. तेव्हा प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळे असे. एका यंत्रासाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्या यंत्रावर चालत नसे. १९७४ मध्ये अमेरिकेतील गॅरी किल्डॉल या संगणकतज्ज्ञाने ‘सीपी/एम’ नावाची कार्यप्रणाली तयार केली. यंत्राशी थेट संबंध येणारा भाग त्याने वेगळा ठेवला आणि बाकीचा भाग सर्वांसाठी सारखा ठेवला. नवे यंत्र आले की फक्त तो लहान भाग बदलायचा. त्यामुळे एकच कार्यक्रम अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागला.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम या मोठ्या कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्ट या तेव्हाच्या लहान कंपनीने दिली. ती तिने स्वतः पहिल्यापासून लिहिलेली नव्हती. टिम पॅटरसन यांनी सिएटल येथील एका कंपनीत लिहिलेली प्रणाली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि तिच्यात बदल केले. तीच पुढे ‘एमएस-डॉस’ म्हणून प्रसिद्ध झाली. ही प्रणाली इतर कंपन्यांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे ठेवला. आयबीएमसारखे संगणक इतरांनी बनवले तेव्हा त्यांच्यातही डॉसच बसू लागली आणि ती जगभर पसरली.

डॉसच्या काळात पडद्यावर चित्रे नव्हती. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत आज्ञा टाइप करावी लागे. एक अक्षर चुकले तरी संगणक काम करत नसे. चित्रांवर बोट ठेवल्यासारखे काम करण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात १९७३ मध्येच प्रत्यक्षात आली होती. ती सामान्य ग्राहकापर्यंत मोठ्या प्रमाणात पोचवली ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाने, १९८४ मध्ये. १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज आली. १९९० ची विंडोज ३.० लोकप्रिय झाली आणि १९९५ च्या विंडोज ९५ ने तर कचेऱ्या आणि घरे व्यापून टाकली.

आपल्या देशातही याच सुमारास शाळांमध्ये संगणक येऊ लागले. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक निवडले गेले. पण ज्या मुलाला इंग्रजी अक्षरे येत नव्हती, त्याने या यंत्रासमोर बसून काय करायचे?

इथे थोडे थांबू आणि संगणक अक्षरे कशी ओळखतो ते पाहू. संगणकाला अंकच कळतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ मध्ये अशी एक यादी ठरली. तिला ‘आस्की’ म्हणतात. या यादीत फक्त १२८ जागा होत्या. इंग्रजीची मोठी आणि लहान अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्रासाठीच्या काही खुणा एवढ्यातच त्या भरून गेल्या. आता सांगा, या कपाटात ‘क’ कुठे ठेवायचा आणि ‘काफ’ कुठे ठेवायचा? कपाट बनवणाऱ्यांच्या मनात आपल्याविषयी काही वाईट होते असे मुळीच नाही. त्यांनी आपल्या गरजेपुरते कपाट बनवले. पण पुढे तेच कपाट साऱ्या जगाला वापरावे लागले.

आणखी एक अडचण होती. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. आपल्या लिपींचे तसे नाही. ‘कि’ लिहिताना आपण आधी ‘क’ म्हणतो आणि मग इकार देतो, पण कागदावर ती वेलांटी ‘क’च्या आधी येते. ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्क’, ‘क्र’ यांत अक्षरांची रूपेच बदलतात. उर्दूमध्ये तर लेखन उजवीकडून डावीकडे जाते, मात्र त्याच ओळीत अंक आले तर ते डावीकडून उजवीकडे लिहिले जातात. शिवाय नस्तालीक वळणात शेजारचे अक्षर कोणते यावर प्रत्येक अक्षराची आकृती अवलंबून असते आणि शब्द तिरपा खाली उतरत जातो. ज्या यंत्राला अक्षरे मण्यांसारखी एका ओळीत ओवायची सवय, त्याने हे कसे करावे?

हे काम ज्यांनी केले, त्यांत आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे संशोधन कानपूरच्या आयआयटीमध्ये सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि पुढचे काम तिथे वाढले. तिथल्या तंत्रज्ञांनी ‘जिस्ट’ नावाचे कार्ड तयार केले. हे कार्ड संगणकात बसवले की डॉसवर चालणाऱ्या तयार इंग्रजी कार्यक्रमांतही मराठी लिहिता येई. डॉसला मराठी येत नव्हती, म्हणून जणू एक दुभाषी तिच्या शेजारी बसवला. भारतीय लिपींसाठी अक्षरक्रमांकांची ‘इस्की’ नावाची यादीही ठरली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिची एक गंमत आहे. देवनागरी, गुजराती, बंगाली, तेलुगू अशा ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींमध्ये ‘क’चा क्रमांक एकच ठेवला होता. त्यामुळे एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत चटकन दाखवता येई.

पण सर्वांनी हा मार्ग धरला नाही. १९९० नंतरच्या काळात मराठी छपाईसाठी अनेक कंपन्यांनी आपापले अक्षरसंच काढले. त्यांत युक्ती अशी होती की इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाला मात्र ते इंग्रजी अक्षरच वाटे. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला आणि तिथे तो अक्षरसंच नसला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे. शब्द शोधता येत नसत आणि नावे अकारविल्हे लावता येत नसत. त्या काळात टाइप केलेले कितीतरी लेखन आज उघडून वाचणे कठीण झाले आहे.

उर्दूची कहाणी अशीच आहे. फार वर्षे उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. १९८१ मध्ये पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांच्या प्रयत्नांतून ‘नूरी नस्तालीक’ तयार झाले. त्यासाठी अक्षरांच्या हजारो जोडाकृती आधी हाताने लिहून काढाव्या लागल्या. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ हा कार्यक्रम आणला आणि उर्दू छपाईत तो घरोघरी पोचला. पण इनपेजची अक्षरक्रमांकांची पद्धतही स्वतःची होती. त्यातला मजकूर इतर कार्यक्रमांत तसाच उघडत नसे. म्हणजे मराठी असो की उर्दू, आपण संगणकावर सुंदर छापू लागलो, पण संगणकाला आपले लिहिलेले समजत मात्र नव्हते.

ही अडचण सुटण्याचा मार्ग १९९१ मध्ये निघाला. त्या वर्षी ‘युनिकोड’ या यादीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातील सर्व लिपींना एकाच यादीत जागा द्यायची, हा तिचा हेतू. देवनागरीची मांडणी आपल्या इस्कीवरून घेतली गेली. अरबी लिपीच्या विभागात टे, डाल, ड़े यांसारख्या उर्दूच्या खास अक्षरांनाही स्वतंत्र क्रमांक मिळाले. मग कार्यप्रणालींनी ही यादी स्वीकारायला सुरुवात केली. २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरी लिहिण्याची सोय मूळचीच होती. तिच्यासाठी ‘मंगल’ हा अक्षरसंच कोणी तयार केला, ठाऊक आहे? मुंबईचे सुलेखनकार आणि मराठी कवी प्रा. र. कृ. जोशी यांनी. नस्तालीक वळणाला मात्र आणखी वाट पाहावी लागली. विंडोजमध्ये तो अक्षरसंच आला २०१२ मध्ये, विंडोज ८ बरोबर. मराठीचा ‘ॲ’ या यादीत स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ मध्ये. ‘ॲप’ हा शब्द आज आपण सहज लिहितो, त्यामागे कोणीतरी केलेली मागणी आणि पाठपुरावा आहे.

आता कोणी म्हणेल, “एवढा खटाटोप कशासाठी? सगळ्यांनी इंग्रजी शिकावे, म्हणजे झाले.” इंग्रजी शिकावेच, त्याबद्दल माझे दुमत नाही. पुढच्या शिक्षणात ती तुमच्या उपयोगी पडेल. पण लोकांपर्यंत पोचायचे असेल तर लोकांच्या लिपीत लिहावे लागते, ही गोष्ट राज्यकर्त्यांना फार पूर्वीच कळली होती. त्याचा पुरावा आपल्या वसई-विरारमध्येच सापडला आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हा लेख ब्राह्मी लिपीत आहे आणि ती डावीकडून उजवीकडे लिहितात. त्याच अशोकाचे शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील लेख मात्र खरोष्टी लिपीत आहेत आणि ती उजवीकडून डावीकडे लिहितात. कंदाहारला तर त्याने ग्रीक आणि अरामी भाषांत लेख कोरवला. जिथे जे लोक, तिथे त्यांची लिपी. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरणाऱ्याला हे जमले, मग वीज आणि यंत्र हाताशी असणाऱ्या आपल्याला का जमू नये?

ब्राह्मीपासून पुढे आपली देवनागरी झाली. अरामी लिपीच्या वंशात अरबी लिपी आली आणि तिच्यापासून उर्दूची लिपी. नालासोपारा, वसई किंवा विरारच्या उर्दू शाळेतील मुलगी सकाळी एका तासाला उजवीकडून डावीकडे लिहिते आणि पुढच्या तासाला डावीकडून उजवीकडे लिहिते. तुम्हाला हे रोजचे वाटते. पण संगणकतज्ज्ञांना हेच यंत्राला शिकवायला कितीतरी वर्षे लागली.

दुसरी शंका अशी की आपली मागणी मोठ्या कंपन्या कशाला ऐकतील? यासाठी आइसलँडचे उदाहरण पाहा. १९९८ मध्ये या देशाची लोकसंख्या तीन लाखांहूनही कमी होती. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या वसई-विरार शहरातच सुमारे १२ लाख लोक राहत होते. आइसलँडच्या लोकांना विंडोज आपल्या भाषेत हवी होती. बाजारपेठ लहान म्हणून ती मिळत नव्हती. पण तिथल्या सरकारने आणि लोकांनी आग्रह धरला आणि १९९९ मध्ये कंपनीने मागणी मान्य केली. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक आणि उर्दू सांगणारे ५ कोटींहून अधिक होते. संख्या आपल्याकडे आहे. आपण मागतो किती आणि वापरतो किती, हा खरा प्रश्न आहे.

मागण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे स्वतः करणे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने जाहीर केले की, सर्वांना मुक्तपणे वापरता येईल, तपासता येईल आणि बदलता येईल अशी कार्यप्रणाली आपण लिहिणार. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा प्रणालीचा गाभा लिहिला आणि जगापुढे मोकळा ठेवला. तीच लिनक्स. तिच्यावरच्या आज्ञा आणि सूचना मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवकांनी केले. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली दिली. केरळमधील सरकारी आणि अनुदानित शाळांत मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. आणि तुमच्या घरातला अँड्रॉइड फोन? २००८ मध्ये बाजारात आलेल्या या प्रणालीचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे एका विद्यार्थ्याने सुरू केलेले काम आज तुमच्या खिशात आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्या शाळांत संगणक शिकवताना एकाच कंपनीच्या प्रणालीची बटणे पाठ करून घेऊ नयेत. ‘इथे दाबा, मग तिथे दाबा’ एवढेच शिकलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी बटणाची जागा बदलली की गोंधळतो. कार्यप्रणाली काय काम करते, अक्षराला क्रमांक का लागतो, फाइल कुठे ठेवली जाते, हे ज्याला समजले त्याला कोणतीही प्रणाली परकी वाटत नाही. काही जण म्हणतात की नोकरीत विंडोज लागते, मग लिनक्स कशाला? त्यांना मी सांगेन की विंडोज जरूर शिकवा. पण त्याच संगणकशाळेत दोन यंत्रांवर लिनक्सही ठेवा. ती फुकट मिळते आणि अनेक जुन्या यंत्रांवरही चालते. ज्या शाळांकडे पैसा कमी आहे, त्यांनी तर हा विचार अवश्य करावा.

आता तुमच्याविषयी. तुम्ही मित्रांना निरोप पाठवता तेव्हा उर्दू आणि मराठी रोमन अक्षरांत लिहिता. तसे लिहिणे लवकर होते, असे तुम्ही सांगता. सवय नाही म्हणून इतर लिपी अवघड वाटते, एवढेच त्याचे कारण आहे. तुमच्या फोनमध्ये देवनागरीचा कळफलक आहे आणि उर्दूचाही आहे. एक महिना नेटाने वापरून पाहा. बोलून लिहिण्याची सोयही आता झाली आहे. पण बोललेले पडद्यावर बरोबर उमटले की नाही, हे तपासायला लिपी यावीच लागते. शिवाय आपण आपल्या लिपीत लिहिलेच नाही, तर उद्या कार्यप्रणाली बनवणारे म्हणतील, “ही सोय कोणी वापरत नाही, मग ती सुधारायची कशाला?” जे कुलूप उघडलेच जात नाही, त्याला गंज चढतो.

शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. माणूस ‘रुखसाना’ आणि ‘रूखसाना’ ही दोन्ही नावे एकाच मुलीची समजतो. संगणकाला मात्र पहिला उकार आणि दुसरा उकार यांचे क्रमांक वेगळे दिसतात. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या मुली आहेत. आपल्या वस्तीत असे अनेक विद्यार्थी सापडतील की ज्यांचे नाव शाळेच्या दाखल्यावर एका प्रकारे आणि दुसऱ्या कागदावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले आहे. मग शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, आईवडिलांना चकरा माराव्या लागतात, रोजंदारी बुडते. दाखला लिहिणाऱ्याला उर्दू नाव नीट ऐकू आले नसेल. पण घरातल्या कोणाला मराठी वाचता आले असते तर ती चूक त्याच दिवशी लक्षात आली असती. म्हणून आपले, आईवडिलांचे आणि गावाचे नाव उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपींत बिनचूक लिहायला शिका. प्रत्येक कागदावर ते एकाच प्रकारे लिहिले आहे ना, हे तपासा. मराठीचा तास केवळ परीक्षेपुरता नाही, तो आपला हक्क मिळवण्यासाठीही आहे.

आपल्या भागात मराठी आणि उर्दूखेरीज सामवेदी आणि वाडवळी बोली बोलणारी कुटुंबे आहेत, आदिवासी बांधवांच्या बोली आहेत, गुजराती आणि हिंदी बोलणारेही आहेत. शेजारची आजी आपल्या बोलीत गाणी आणि गोष्टी सांगत असेल, तर त्या देवनागरीत टाइप करून ठेवा. तुमच्या घरातील दादी-नानींच्या कहाण्या उर्दूत लिहून ठेवा. युनिकोडमध्ये लिहिलेले लेखन एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गेले तरी वाचता येते. ते कोणा एका कंपनीच्या अक्षरसंचावर अवलंबून राहत नाही.

विद्यार्थी मित्रहो, किल्डॉल, स्टॉलमन, टोरवाल्ड्स, कानपूर-पुण्याचे तंत्रज्ञ, र. कृ. जोशी, मिर्झा अहमद जमील या सर्वांनी आपापल्या काळी यंत्राला काहीतरी नवे शिकवले. हे काम संपलेले नाही. नस्तालीक आजही अनेक ठिकाणी नीट उमटत नाही आणि कित्येक अर्ज अजूनही फक्त इंग्रजीतच भरावे लागतात. ज्याला दोन्ही बाजूंनी लिहिता येते, त्याला या उणिवा सर्वांत आधी दिसतील. त्या दिसल्या की गप्प बसू नका. शिक्षकांना सांगा, संबंधितांना पत्र लिहा आणि पुढे शिकून त्या स्वतः दूर करा. ते पत्र मात्र आपल्या लिपीतच लिहा!

शब्दार्थ

कार्यप्रणाली – संगणकाचे काम चालवणारी आज्ञांची व्यवस्था
कळफलक – टाइप करण्यासाठी कळा असलेली पाटी, की-बोर्ड
आज्ञा – हुकूम
लिपी – लिहिण्याची पद्धत, रस्मुलखत
अक्षरसंच – एका वळणाची सर्व अक्षरे, फॉन्ट
दुभाषी – दोन भाषा जाणणारा मध्यस्थ, तर्जुमान
सुलेखनकार – सुंदर अक्षर लिहिणारा कलावंत, खुशनवीस
शिलालेख – दगडावर कोरलेला लेख, कतबा
अकारविल्हे – वर्णमालेच्या क्रमाने
पाठपुरावा – काम होईपर्यंत केलेला सततचा प्रयत्न

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सीपी/एम ही कार्यप्रणाली कोणी तयार केली?
(आ) ‘जिस्ट’ कार्डाचा उपयोग काय होता?
(इ) सोपारा येथील शिलालेख कोणत्या लिपीत आहे?

२. कारणे लिहा.
(अ) जुन्या अक्षरसंचांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नसे.
(आ) संगणक ‘रुखसाना’ आणि ‘रूखसाना’ ही नावे वेगळी समजतो.

३. ‘शाळेत एकापेक्षा अधिक कार्यप्रणाली शिकवाव्यात’ हे लेखकाचे मत तुम्हाला पटते का? आठ ते दहा ओळींत लिहा.

४. उपक्रम : तुमचे पूर्ण नाव तुमच्या सर्व कागदपत्रांवर कसे लिहिले आहे ते पाहा. फरक आढळल्यास वर्गशिक्षकांना दाखवा.